पापडाच्या व्हिडिओत जाऊ

माझं माहेर कुडपणचं, वर डोंगरावर, आणि दिलं खाली पोलादपुरात, आणि त्याच मांडवात धाकट्या दिरालाही बायको आली, सुनंदा. काय सांगू तुम्हाला, तिची भाकर टम्म फुगायची, माझी चपटी, मग मी काय करायची, तर तिची भाकरी भाजायची पाळी आली की चुलीत ओली लाकडं सारायची, आणि धुरानं डोळे चोळत मीच खोकत बसायची. एवढी हुशार मी!

आता दोघी नाचणीचे पापड विकतो, मोबायलवर, दुकानं वेगळी, अंगण एकच. माझं दुकान सून बघते, रेश्मा. ती म्हणायची आई, खोका भरताना व्हिडिओ काढू, मी म्हणायची नाय गो बाय, खायच्या जिनसाचा फोटो काढला की दृष्ट लागते. वर खोक्यात दृष्टीचा कोळसा घालायची, अन्न बाहेर धाडताना आपल्यात घालतातच ना. तर एका बाईनं पापड घेतले, खाल्लेही असतील, आणि बँकेला सांगितलं, पापड नायत, नुसता कोळसा आला. फोटोही धाडला, कोळशाचा! बँकेनं आमच्या खात्यातून पैसे परत ओढून घेतले, चार्जबॅक म्हणतात त्याला, वर विचारलं, पापड भरल्याचा पुरावा द्या. पुरावा काय देणार, कोळसा तर आमचाच. हरलो. वेबसाइटवाल्यांनी कळवलं, आणखी एक तक्रार हरलात तर दुकान बंद.

त्याचं एवढं नाय हो वाटलं. पण सुनंदावरही तशीच तक्रार आली आणि ती जिंकली! तिचा व्हिडिओ होता. त्यात ती आधी पापडांवरून मीठमोहऱ्या ओवाळते, मग खोका भरते. हे मला का नाय सुचलं?

ताक मागायच्या निमित्तानं गेले. ती लगेच, काय ओ जाऊबाय, व्हिडिओ शिकायचाय ना? आणि आलीच पाठोपाठ, नवी साडी नेसून. रेश्मानं मोबायल धरला, मी भरतेय, तर ही मधे डोकं घालून म्हणते, बघा, पाकिटं सगळी भरलीत, मी साक्षीला हाय.

नेमकी त्याच खोक्यावर तक्रार आली, पाकिटं कमी निघाली म्हणून. मी म्हटलं रेश्मा, धाड व्हिडिओ, पण तिला काप. रेश्मा म्हणते आई, कापलेला व्हिडिओ मानत नायत, अख्खाच द्यावा लागतो. मग म्हटलं, धाड.

जिंकलो. दुकान राहिलं. पण तिकडं बँकेत माझ्या पापडांपुढं कायमची तीच, हसत. आता दर खोक्याला साक्षीला येते, न बोलावता. देव तिला शंभर वर्षं देवो, साडी तेवढी जुनी नेसव रे बाबा.