पाठीवरची चेन

दवाखान्यासमोरच्या कपड्यांच्या दुकानात, गाऊन बदलून घ्यायच्या रांगेत, माझ्या पुढे एक जावई आणि त्याच्या सासूबाई उभ्या होत्या.

"काल बाळंत झालेल्या बाईला पाठीवर चेन असलेला गाऊन? बाळ काय पाठीवर बसून दूध पिणार आहे, जावईबापू?"

"आई, दुकानातल्या पुतळ्याला छान दिसत होता हो."

"पुतळा बाळंत झाला नव्हता."

"बरं, आता हा बघा. पुढून बटणं. ही पिशवी म्हणजे बाळ. एका हातानं उघडतो की नाही?"

"उघडतो. पण बाळ उलटं धरलंय तुम्ही."

"थांबा, तिचाच फोन. हं, बोल. कुठला शर्ट? अगं, तो तर मी घातलाय!"

"काय म्हणते?"

"गाऊनच नको म्हणते. हा माझा जुना शर्ट हवाय तिला. मऊ आहे म्हणे, पुढून बटणं आहेत, आणि घरचा वास येतो."

"मग द्या की काढून."

"आणि मी बाळाला भेटायला काय घालून जाऊ?"

"गाऊन. एका हातानं उघडतो, आत्ताच बघितलंत ना!"