मागून ओतायचं पाणी

(विद्यापीठातल्या इतिहासाच्या फॅकल्टीचा दुसरा मजला, तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर. उरोश चाकाच्या खुर्चीत आहे. त्याची जीभ जन्मापासून जड, त्यामुळे त्याचं बोलणं थोरल्या बहिणीखेरीज, बिल्यानाखेरीज, कोणाला कळत नाही. तो नजरेने पडद्यावरची अक्षरं निवडतो आणि खुर्चीला यंदाच लावलेलं यंत्र ती बातम्या देणाऱ्याच्या आवाजात मोठ्याने म्हणतं. यंत्रातून बोलतो तेव्हा 'यंत्र', स्वतःच्या तोंडाने बोलतो तेव्हा 'उरोश'.)

बिल्याना : चार्जर घरी राहिला तर राहिला! त्यात डोळे वटारण्यासारखं काय आहे? मी आहे ना इथे.

यंत्र : राहिला नाही. तू ठेवलास.

बिल्याना : ऐका! बेलग्रेडचा बातम्या देणारा बाप्या माझ्यावर आळ घेतोय. माझ्याशी तरी स्वतःच्या तोंडाने बोल रे. घरच्या घरात दुभाष्या कशाला?

उरोश : तू मुद्दाम ठेवलास.

बिल्याना : पिशवीत तुझा टॉवेल, तुझी पाणी प्यायची नळी, तुझी औषधं, वर खायला बुरेक. जागाच नव्हती.

यंत्र : बुरेकला होती.

बिल्याना : बुरेक तुझ्या पोटात जातो. चार्जर जातो का? आणि ही लाल रेघ बघ पडद्यावर, आत्ता विझेल हे. झालं तर मग. मी आत येते, नेहमीसारखी तुझ्या डाव्या हाताला बसते. तू बोल, मी सरांना सांगते.

यंत्र : नको. दुन्याला कळवलंय. ती घेऊन येतेय.

बिल्याना : कधी कळवलंस?

यंत्र : तू खाली कॉफी आणायला गेली होतीस तेव्हा.

बिल्याना : वा! शाळेत बाईंना 'याला शू लागली' सांगायला मी. दवाखान्यात मी, टपालात मी, न्हाव्याकडेसुद्धा 'कानावरून कमी करा' सांगायला मीच. आणि आता माझी पाठ वळली की दुन्या! गरज सरो, वैद्य मरो.

उरोश : ताई, तिचं कामच आहे ते. यंत्र देणाऱ्या केंद्रात त्यासाठीच नेमलीय तिला.

बिल्याना : ठाऊक आहे काम. तासन्‌तास तुझ्या डोळ्यांत बघत बसायचं. म्हणे पडद्याशी नजर जुळवतेय! मला पण द्या की असली नोकरी. मी बापडी पहाटे चारला बेकरीत पीठ मळते.

उरोश : हसू नको आणू. अक्षरं चुकतात.

बिल्याना : हसतोस काय? मी खरंच बोलतेय. काय बिघडतं रे मी आत आले तर? जानेवारीत दहापैकी नऊ मिळाला होता की नाही? माझ्यासकट?

यंत्र : तो नऊ तुझा होता.

बिल्याना : माझा कसा? इंडेक्समध्ये, गुणांच्या वहीवर, नाव तुझं आहे.

यंत्र : उचललेल्या चिठ्ठीवर तिसरा प्रश्न बायझंटाईन करांचा होता. मी म्हणालो, आठवत नाही. तू सरांना काय सांगितलंस?

बिल्याना : ...तुला येत होतं ते. घाबरलास म्हणून विसरलास. आदल्या रविवारीच तर मी तुझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं होतं.

यंत्र : तू पाच मिनिटं बोललीस. मी तीन शब्द बोललो होतो.

बिल्याना : आणि सरांनी मान डोलावली! आईने अख्ख्या गल्लीला कॉफी पाजली त्या नऊपायी. तेव्हा नाही बोललास ते.

उरोश : तेव्हा बोललो असतो तर सरांना सांगितलं कोणी असतं? तूच ना? ताई, मला सहा मिळाला तरी चालेल. पण माझा सहा.

बिल्याना : सहा! काठावर पास व्हायला चार वर्षं ढकलली का ही खुर्ची मी? प्रत्येक तासाला तुझ्या शेजारी बसले. पाने उलटली, टिपणं काढली. या फॅकल्टीतला एकूण एक विषय येतो मला. पण पदवी तुला, फोटो तुझा, आणि मी कोण? खुर्चीबरोबर येणारी बाई. फक्त परीक्षेच्या खोलीत ते माझ्याकडे बघतात, मी बोलते नि ते ऐकतात. वर्षातून चार-सहा वेळा मी माणसात असते, उरोश. आणि तेवढंही तू या डब्याला देऊन टाकलंस!

यंत्र : तू जळतेस.

बिल्याना : हो, जळते! डब्यावर जळते, त्या पोरीवर जळते, तुझ्यावरसुद्धा जळते. ऐकलंस? आता म्हणव तुझ्या बातमीदाराकडून सगळ्या मजल्याला.

दुन्या : आले, आले! लिफ्ट बंद होती. हे घ्या, पॉवर बँक पूर्ण भरलेली आहे. नमस्कार बिल्याना. उरोश, मान जरा डावीकडे... हां. लागली बघ. लाल गेलं.

उरोश : केसांचं काय केलंस हे?

दुन्या : कापले. का, वाईट दिसतात?

उरोश : पालक वाटतेस. शाळेत मुलाला सोडायला आलेली.

दुन्या : कसला मुलगा, तुझ्यासारखा? देवा, वाचव.

बिल्याना : थांब. थांब जरा. तो काय म्हणाला?

दुन्या : केसांचं म्हणाला ना? मी पालक...

बिल्याना : यंत्रातून नाही बोलला तो.

दुन्या : नाही. तोंडाने बोलला.

बिल्याना : आणि तुला कळलं.

दुन्या : थोडंथोडं कळतं आता. सगळं नाही हं. शेवटची अक्षरं गिळतो, आणि दमला की मी पार हरवते. पण रोज समोर बसतो ना, तर कान सरावला.

बिल्याना : आमच्या सख्ख्या मामाचा नाही सरावला अजून. आईबापाचाही नाही.

दुन्या : माझं काही चुकलं का?

बिल्याना : तुझं काय चुकणार पोरी. डब्याचं एक वेळ मी सोसलं असतं. डब्याला काही कळत नाही, ते आपलं नुसतं म्हणतं. पण हे... हे माझं होतं गं. जगात एकच गोष्ट होती जी मला येत होती आणि दुसऱ्या कोणाला नाही.

उरोश : ताई.

बिल्याना : आता 'ताई' नको. ती आहे ना. तिला ने आत.

दुन्या : मला? छे, मी आत जाणारच नाहीये. यंत्र चालू करून द्यायचं की माझं काम संपलं. आत तो एकटा.

बिल्याना : एकटा? आणि चिठ्ठी कोण उचलणार?

दुन्या : सर खुर्ची आत घेतील, चिठ्ठीही उचलून त्याच्यासमोर धरतील. त्याने आधीच विचारून ठेवलंय.

बिल्याना : नळी? घसा सुकला की त्याला...

यंत्र : ताई, पाण्याची बाटली कुठे आहे?

बिल्याना : बघ! म्हटलं नव्हतं? ही घे. तोंड उघड.

यंत्र : प्यायला नाही.

बिल्याना : मग?

यंत्र : तिकडे जिन्याजवळ बघ. तो चष्मेवाला मुलगा. आत्ता त्याची आई त्याच्या मागे पाणी ओतून गेली. सगळं पाण्यासारखं सुरळीत जावं म्हणून परीक्षेला येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी ओततं. चार वर्षांत माझ्या मागे कोणी ओतलं नाही.

बिल्याना : काहीतरीच काय? कोण ओतणार होतं? आई गावाला. आणि मी तर तुझ्याबरोबर आत...

उरोश : तेच तर. पाणी ओतायला कोणीतरी मागे राहावं लागतं.

बिल्याना : दुन्याला सांग की. तिचे कान चांगले आहेत.

उरोश : तिच्या हातचं पाणी मला नको. ते घरच्या माणसाने ओतायचं असतं. गाढव कुठली, तुझ्याशिवाय माझं आहे कोण?

दुन्या : हे नाही कळलं मला. काय म्हणाला?

बिल्याना : काही नाही.

दुन्या : शेवटी 'गाढव' म्हणाला का?

बिल्याना : म्हटलं ना, काही नाही. आमच्या घरातलं आहे.

दुन्या : त्याचं नाव पुकारलं. उरोश, तयार?

बिल्याना : थांब, कॉलर नीट करू दे. हनुवटी पुसू दे. हं. घाई करू नकोस, आणि डोकं गरम झालं की आधी श्वास घे. त्या बाप्यालाही सांग, सरांना 'तुम्ही' म्हणायचं.

यंत्र : सांगतो.

बिल्याना : आणि उरोश... जा. मागे वळून बघू नकोस, चालत नाही बघितलेलं.

दुन्या : अरे बापरे, अख्खी बाटली ओतलीत!

बिल्याना : चार वर्षांचं राहिलं होतं.

दुन्या : दार लागलं. बसू या इथे बाकावर.

बिल्याना : तू बस. मी उभीच बरी, दाराशी.

दुन्या : ऐकू येतंय?

बिल्याना : बातमीदाराचा आवाज आहे तो, भिंतीतूनही येईल. मध्ययुगातल्या दुशान सम्राटाचा प्रश्न पडलाय. येतो त्याला हा, झोपेत सांगेल... साम्राज्य जाहीर केलं, बरोबर... राज्याभिषेक... अगं बाई! सेरेसला म्हणाला. राज्याभिषेक स्कोप्येला झाला, स्कोप्येला! परवाच तर म्हणून घेतलं होतं.

दुन्या : ठोठावू का? तुम्ही आत जाऊन त्याला मदत...

बिल्याना : खबरदार! दाराला हात लावलास तर बघ.

दुन्या : पण चुकतोय तो.

बिल्याना : चुकू दे. आजवर त्याची एक चूक मी बाहेर पडू दिली नाही... जा, त्यापेक्षा कुठे फडकं मिळतंय का बघ. ही फरशी पुसायला हवी, परत येताना चाकं घसरतील त्याची.