आप्पांच्या वहीतला नवरंग

मंडळी, वहिनी, आणि रविवारच्या फेरीतले सगळे. एवढी माणसं जमलीत आणि बोलायला मला, या बाळूला, उभं केलंय, हे आप्पांना अजिबात पटलं नसतं. फेरीत त्यांनी सगळ्यांत जास्त वेळा मलाच गप्प केलंय. आज गप्प करायला ते न्हाईत, तर बोलून घेतो.

आप्पा उचगावच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर. सहा दिवस कानाशी लोखंडाची घरघर. म्हणून रविवारी सकाळी कळंब्याच्या तळ्याकाठून, दलदल ओलांडून, पलीकडच्या झाडीपर्यंत पक्षी बघायला जायचं. आम्ही आठ जण, दुर्बीण एक. आणि आम्ही शिवाजी पेठेतले. हळू बोलायचं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच न्हाय. माझी कुजबूज ऐकून बगळे उठायचे.

आप्पांचा नियम तुम्हाला आठवतो. मिसळीआधी प्रत्येकानं एक पक्षी सांगायचा. आधीच्यानं सांगितलेला चालायचा न्हाय. आप्पा वहीत लिहिणार, मगच हॉटेलात जायचं. एका जूनमध्ये माझा नंबर शेवटचा आला. बगळा गेला, टिटवी गेली, खंड्या गेला. पोटात कावळे ओरडत होते, पण कावळाही कुणीतरी सांगून टाकलेला. मग पुस्तकातलं चित्र आठवून मी म्हणालो, "नवरंग दिसला. करवंदीच्या जाळीखाली."

आप्पांचा हात थांबला. "खरं?"

"व्हय की आप्पा. हिरवा, निळा, पोटाखाली लाल."

तेव्हा कुणाकडं मोबाईल न्हवता, की फोटो दाखव म्हणावं. त्यांनी लिहिलं. आम्ही मिसळ खाल्ली. मी दोनदा रस्सा मागून घेतला.

पुढच्या रविवारी आप्पा त्या जाळीसमोर जाऊन बसले. त्याच्या पुढच्याही. मंडळी, नवरंग आपल्याकडं येतो तो पावसाळ्यातच, आणि सात पावसाळे हा माणूस त्या जाळीसमोर बसला. शेजारी मी. दर वेळी ठरवायचो, आज सांगायचंच. तोंड उघडलं की आप्पा ओठांवर बोट ठेवायचे.

मग घरी जाऊन का न्हाय सांगितलं? भ्यालो. ते रागावतील याला न्हाय. फेरीला बोलवायचं बंद करतील, याला भ्यालो. रविवार सोडला तर माझ्याकडं दुसरं होतं काय?

काल वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. सभेत थोडं वाचून दाखवा म्हणाल्या. ते पान मी पहिल्यांदाच उघडलं. आप्पांचं अक्षर हाय. वाचतो.

"नवरंग. बाळूला दिसला म्हणतो. गडी भुकेला होता. तरी पुढच्या रविवारी जाऊन बघावं."

आप्पा, न्हवता दिसला. आज सगळ्यांसमोर सांगतोय. माफ करा.

पण उद्या रविवार हाय. मी जाऊन बघणार हाय.

मंडळी, उभे राहू या. दोन मिनिटं, आप्पांसाठी, गप्प.