गाडीवरचा ख्रिस्ती

दिनानाथ : जरा सैल होईल, पण आत वर्तमानपत्राची घडी घातली की डोक्यावर बसेल.

प्लासिड : हे काय आहे?

दिनानाथ : हॅट. कोट आणलाय, पाटलोण पण आणलीय. उद्या सकाळी हे घालून बैलगाडीवर उभं राहायचं. पहिलाच प्रजासत्ताक दिन आहे. समितीने ठराव केलाय, मिरवणुकीत सर्वधर्म एकतेचा देखावा हवा. ख्रिस्ती म्हणून तू.

प्लासिड : ख्रिस्ती मी आत्ता पण आहे.

दिनानाथ : आहेस रे. पण दिसत नाहीस. धोतर, बंडी, काळी टोपी. लांबून बघणाऱ्याला कसं कळणार?

पॉलिन : इतकी वर्सं संसार केला, मला पन लांबनं कधी कळलं नाय. रविवारी चर्चमधनं मिस्सा सुटल्यावर सगळ्या गर्दीत हुडकावं लागतं.

दिनानाथ : वहिनी, थट्टा नको. चहा टाका.

पॉलिन : टाकते, भावजी. ती हॅट आधी सुपातनं उचला. तांदूळ निवडायचेत.

प्लासिड : गाडीवर हिंदू म्हणून कोण?

दिनानाथ : हिंदू कशाला? हिंदू मागून चालणार. सगळं गावच आहे की.

प्लासिड : म्हणजे गाव चालणार आणि मी गाडीवर.

दिनानाथ : मानाची जागा आहे ती.

प्लासिड : आणि झेंडा?

दिनानाथ : झेंड्याचं काय?

प्लासिड : नाताळाच्या आधी तुझ्याच अंगणात बैठक झाली. बेचाळीस साली गावातून जो तुरुंगात गेला त्याने झेंडा चढवायचा. हे बोलणारा तूच. गेलो होतो दोघं, एकनाथ आणि मी. एकनाथ वारला.

दिनानाथ : त्या ठरावात जरा दुरुस्ती झालीय. दोरी रावसाहेब ओढणार.

प्लासिड : रावसाहेब.

दिनानाथ : वडीलधारा माणूस आहे.

प्लासिड : त्यांना रावसाहेब केलं कोणी?

दिनानाथ : सरकारने.

प्लासिड : कुठल्या?

दिनानाथ : आता जुनं कशाला उकरायचं.

प्लासिड : नाही, चालेल. त्यांना सवय आहे. विलायतेच्या राजाला गादी मिळाली तेव्हा पण झेंडा त्यांनीच चढवला होता. कापड तेवढं वेगळं.

दिनानाथ : ऐक. तुझ्या भल्याचंच सांगतोय. झेंड्याआधी काठीची पूजा आहे, नारळ फोडायचाय. तुझ्या धर्माला बाध यायला नको.

प्लासिड : मी कॉन्रॅड पाद्रींना विचारून आलो. झेंडा चालेल, नारळ नको, म्हणाले. मग मी तुमच्या समितीला म्हटलं, नारळ दुसऱ्याने फोडा, दोरी मी ओढतो.

दिनानाथ : समितीचं म्हणणं, जो फोडेल तोच ओढेल.

प्लासिड : ते पण पाद्रींना सांगितलं. ते म्हणाले, मग जाऊच नकोस. राजकारण आपलं काम नाही, घरी बसून रोझरी म्हण. तुमचं आणि त्यांचं म्हणणं एकच आहे, दिना. देखावाच करायचा तर तुम्हा दोघांना गाडीवर बसवा.

पॉलिन : नारळ कोनाच्या वाडीतले?

दिनानाथ : त्यासाठी पण आलो होतो. पाच द्या. चांगले सोललेले.

पॉलिन : आन झेंड्याची काठी?

प्लासिड : काठी परवाच नेली. आपली विहिरीकडची पोफळ.

पॉलिन : सुपारी धरली होती तिला.

दिनानाथ : वहिनी, माझ्या हातात असतं तर गोष्ट वेगळी. लोक बोलतात. बैठकीत दोघं-तिघं उठून म्हणाले, पोर्तुगिजांची माणसं झेंड्याला हात लावणार का?

प्लासिड : पोर्तुगीज वसईतून कधी गेले?

दिनानाथ : झाली की दोनशे वर्षं.

प्लासिड : मला भेटून नाही गेले.

पॉलिन : भावजी, बेचाळीसला पोलीस आले तवा तुम्ही कुठं व्हते?

दिनानाथ : वहिनी, ते...

पॉलिन : आमच्या बावखलात. केळींना पानी शिंपतो त्या डबक्यात, गळ्यापर्यंत. डोक्यावर अळूचं पान. पोलिसांनी यांना इचारलं, अजून कोन हाय? हे म्हनाले, मी एकटाच. ठान्याच्या तुरुंगात नेलं. जाताना डोळ्यांनी मला खुनावलं, याला वर काढ, सर्दी व्हईल.

दिनानाथ : मी विसरलेलो नाही ते.

प्लासिड : ते मी कुठं बोललो नाही, बोलणार पण नाही. पॉलिन, चहा.

पॉलिन : उकळतोय.

दिनानाथ : मला कात्रीत धरू नकोस, प्लासिड. मी नुसता चिटणीस. एकटा किती बोलणार?

प्लासिड : किती बोललास?

दिनानाथ : बोलायची वेळ आली नाही.

प्लासिड : हा कोट कोणाचा?

दिनानाथ : बोळिंजच्या रामचंद्राचा. फोर्टात साहेबाच्या हापिसात कारकून आहे. आपल्या बाजूला हॅट फक्त त्याच्याकडे.

प्लासिड : सोमवारी शंकराला अभिषेक करतो, तो रामचंद्र?

दिनानाथ : तोच.

प्लासिड : मग त्यालाच चढव गाडीवर. कपडे त्याच्या मापाचे आहेत. हॅटमध्ये वर्तमानपत्र घालायला नको.

दिनानाथ : तो ख्रिस्ती कुठाय?

प्लासिड : दिसतो ना?

दिनानाथ : दिसतो खरा. गळ्यात एखादा क्रूस लागेल.

पॉलिन : माझा मिळनार नाय.

प्लासिड : नारळ घेऊन जा. आणि काठीचा खड्डा खोल घ्या. मैदानात सगळी पुळण आहे, खाडीवरून वारा येतो.

दिनानाथ : मांडववाला बघेल ते. तू येशील ना उद्या?

प्लासिड : कशात येऊ? कपडे तर तू परत नेतोयस.

(दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, प्लासिडच्या घराच्या त्याच ओटीवर.)

दिनानाथ : यायला हवं होतंस. झकास झालं सगळं.

प्लासिड : गाडी?

दिनानाथ : टाळ्या पडल्या. फक्त तुमच्यातली म्हातारी लूर्डस गाडीला आडवी आली. रामचंद्राला म्हणाली, साहेब, रेशनला साखर कधी येणार?

प्लासिड : ख्रिस्ती नाही वाटला तिला?

दिनानाथ : रेशनिंगचा साहेब वाटला.

पॉलिन : काय म्हनाला मग तो?

दिनानाथ : पुढच्या आठवड्यात, म्हणाला. करतो काय बिचारा.

पॉलिन : आन झेंडा चढला?

दिनानाथ : चढला. पण रावसाहेबांनी दोरी ओढली आणि काठीच डुलायला लागली. समोर मामलेदार बसलेले. मी व्यासपीठावर. म्हटलं, आता झेंड्यासकट आडवी होते आणि पहिल्याच दिवशी प्रजासत्ताक वाळूत. तेवढ्यात गर्दीतून एक जण धावला, बुंध्याला मिठी घालून खाली बसला. भाषणं संपेपर्यंत सोडलं नाही त्याने. रावसाहेब किती बोलतात, तुला ठाऊक आहे.

प्लासिड : ठाऊक आहे.

दिनानाथ : असो. मी आलो ते दुसऱ्याच कामाला. वर्तमानपत्राला बातमी धाडायचीय. ख्रिस्ती बांधवांतर्फे कोण हजर होतं, त्याचं एक नाव हवं. रामचंद्राचं घालता येत नाही.

प्लासिड : का? टाळ्या त्यालाच पडल्या.

दिनानाथ : त्याचा बाप समितीत आहे.

प्लासिड : काठी धरून बसला तो कोण होता?

दिनानाथ : तोंड दिसलं नाही, मान खाली होती. धोतर, बंडी, काळी टोपी. आपल्यातलाच कोणीतरी.

पॉलिन : भावजी, सरका जरा. यांच्या खांद्याला तेल चोळायचंय. दुपारपासनं हात वर व्हत नाय.

दिनानाथ : प्लासिड.

प्लासिड : खड्डा खोल घ्या म्हटलं होतं.

दिनानाथ : थांब, हे बातमीत घालतो. 'ख्रिस्ती बांधव श्री. प्लासिड यांनी प्रसंगावधान राखून...'

प्लासिड : नको.

दिनानाथ : अरे, मग लिहू काय?

प्लासिड : आत्ता म्हणालास तेच.

दिनानाथ : काय म्हणालो मी?

प्लासिड : आपल्यातलाच कोणीतरी.