घडी न मोडलेली साडी

न्हाई, न्हाई बाई, बुद्धप्रिया खोटं बोलत न्हाई — साडी माझीच हाय, अन् मीच कापून दिली. पोरींनी इचारल्याबिगर नेली न्हाई. बसा तर खरं. दुकानाची चिठ्ठी तशीच होती तुकड्याला? डोळं गेलं माझं, दिसलीच न्हाई. आता तुमी शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, तुमीच टाकाऊतनं करा मनलात ना, मनून तर बुद्धप्रिया अन् उज्वला आल्या माझ्या दारात — ‘गौरम्मा आज्जी, सातवीला प्रोजेक्ट हाय, पुठ्ठ्यावर औशाचा किल्ला करायचाय, टाकाऊ काय बी द्या’ — टाकाऊ! मनलं, या घरात दुसरं हाय तरी काय? मग पहिल्या दिशी लग्नपत्रिका दिल्या, बुरुजाला. दुसऱ्या दिशी बांगड्यांच्या काचा, खंदकातल्या पाण्याला. मग तुरीचं भुसकट, मातीला. मग गुंड्या —

एकदम कामून न्हाई दिलं? आवं, एकदम दिलं तर एकदाच येतील की! हसू नगा, खरं सांगून राहिले. गुंड्यांचा डबा हाताशी होता, तरी मी मनायची, सापडंना गं, उद्या हुडकून ठिवते, उद्या या. सोळा दिस आल्या, बाई. शेंगदाण्याचे लाडू करून वाट बघायची मी. दोघीच, पण बडबड अशी, की चहा उतू गेला तरी कळायचं न्हाई. अन् मग घरातलं जुनं सरलं. पोरी मनल्या, ‘आज्जी, आता निस्तं आभाळ राहिलंय.’

आभाळाला निळं कुठून आणू? पेटीत ही होती. सत्यमनं धाडलेली — माझं लेकरू, पुण्याला असतंय. पंचमीला येतो मनला होता. मी पुरण घातलं, दाराशी गाडी वाजली मनून पळत गेले, तर कुरियरवाला. घडी सुदिक मोडली न्हाई मी तिची. नेसून दावू कुणाला? कात्री लावताना वाईट वाटलं का मनता? न्हाई. रोज चार बोटं पट्टी कापायची, जास्त न्हाई. तशी आठ दिस कापली.

नवी साडी टाकाऊत बसत न्हाई? नियम हाय? मग जे माणसाच्या बदली येतंय, त्याला काय मनायचं ते तरी सांगा — ऱ्हाऊ द्या. सत्यमला फोन करू नगा. लई कामात असतंय ते. गुणाचं हाय. सणाला इसरत न्हाई कवा.

काय मनलात? किल्ला जमा बी झाला? काल?

मंजी पोरी आता... एवढ्यात कामून जमा केला, बाई? माझ्याजवळ शेंदरी बी एक साडी हाय की. दिवाळीची. मावळतीचं आभाळ लागतच असंल ना कुणाच्या तरी चित्राला? दुसरा प्रोजेक्ट असंल — न्हाई? आता परीक्षाच?

बरं.

उठा मग, जावा तुमी. मला बी लई कामं हाइत.