सात बाय साडेतीन

मोतीलाल : तखत मोठं मजबूत आहे जी तुमचं.

चंद्रभागाबाई : तखत नोहे ते भाऊ, दार हाय.

मोतीलाल : दार?

चंद्रभागाबाई : घराचं. घर नाही अजून, म्हनून इटांवर ठेवलं. तेरा वर्सं झाली, आमी दोघं त्याच्यावरच झोपतो. जरा सरकून बसा, तुमच्याखाली कडी हाय.

पुंडलिकराव : अस्सल सागवान आहे, मोतीलालभाऊ. त्र्याहत्तरले लाकूड डेपोच्या लिलावात घेतलं, चौकटीसकट एकशेदहा रुपयाले. लाकूड महाग होऊन राहिलं होतं. म्हटलं, दार आधी घेऊन ठेवू. घर काय, मागून येईनच.

चंद्रभागाबाई : लोक घर पाहून दार करतेत. आमचे हे दार घेऊन घर पाहाले निंगाले.

मोतीलाल : थांबा. मांगं आमचं घर पाहाले टेप घेऊन आले होते ते तुमीच का? बाबा सांगत, फॅक्टरीतला एक मानूस आला, छपराचे कवेलू पाह्यले नाही, विहिरीचं पानी विचारलं नाही. दरवाजा मोजला अन चहा न घेता चालला गेला.

पुंडलिकराव : तुमचा दरवाजा सव्वासहा फुटांचा. आपलं दार सात बाय साडेतीन. बसलंच नसतं.

चंद्रभागाबाई : तवा ते घर केवढ्याचं होतं, तेबी इचारा.

मोतीलाल : बाबा चार हजार म्हनत होते.

चंद्रभागाबाई : आन आता अठ्ठावीस.

मोतीलाल : मी तरी काय करू बाई? तेव्हा गल्लीत चिखल राहे. आता रस्ता डांबरी झाला, घरात नळ आला. सगळीकडंच भाव चढून राहिले.

पुंडलिकराव : खात रोडले एक घर पाह्यलं होतं. तिथं दार बराबर बसत होतं. पन नऊ हजार सांगितले. म्हटलं, दोन वर्षं थांबू, भाव उतरन.

चंद्रभागाबाई : महागाई भत्ता वाढला का हे म्हनत, औंदा घेऊनच टाकू. भत्ता वाढे वीस रुपये, घर वाढे दोन हजार. येत्या एकतीस मेले हे रिटायर होतेत. मंग क्वार्टर खाली करा लागते. आसगावले दिराच्या घरी आमच्या वाट्याले अर्धी ओसरी हाय. तिथं दार ठेवलं त आमी दोघं आंगनात.

मोतीलाल : जमते किती तुमच्याकडून?

पुंडलिकराव : फंड, ग्रॅच्युइटी अन पोस्टातले, सगळे मिळून साडेपंचवीस. त्याच्यावर एक पैसा नाही.

मोतीलाल : अडीच कमी पडतात. मले खाली उतरता येत नाही, माझं नवीन बांधकाम चालू आहे. भिंती उठल्या, चौकट बसाची आहे. सुतार सागवानाचे तीन हजार मांगते. एक बोलू का? हे दार मले द्या. अडीच हजार वजा.

पुंडलिकराव : दार नाही देनार.

मोतीलाल : अजी, घर जमून राहिलं ना.

पुंडलिकराव : दारच दिलं त घर घेऊ कायले?

चंद्रभागाबाई : आयकलं का भाऊ?

(पुंडलिकराव उठून चादर सारखी करतात.)

चंद्रभागाबाई : अजी, इकडं पाहा. तेरा वर्सं कडी माह्याच बाजूले हाय. मी एक अक्षर बोलली नाही. पन मले आता घराची लई आस लागली. खिळा ठोकासाठी कोनाले इचारा लागू नये, बस. दाराले घर नाही भेटलं तरी चालन जी. मले भेटू द्या.

पुंडलिकराव : ...त्याइच्या घराले टिनाचं दार आहे, चंद्रभागे.

मोतीलाल : टिनाचंच आहे. पन लागते नीट.

पुंडलिकराव : कडी पितळेची आहे, मोतीलालभाऊ. चिंचेनं घासाची. अन बिजागरीले महिन्यातून एकदा तेल.

मोतीलाल : देईन जी. सोमवारी कागद करू. दारासाठी बैलबंडी पाठवतो.

पुंडलिकराव : बंडीत खाली धानाचं तनस टाकजा, घासू नये... अन आमी तिथं झोपाचं कायच्यावर?

चंद्रभागाबाई : भुईवर. आपलीच त राहीन.