वावटळीचा व्हिडिओ

घणसोलीच्या दवाखान्यात ऋता नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी एक नवराबायको. नवऱ्याच्या कपाळाला रुमाल, रक्ताने भिजलेला.

"वावटळ आली की माणसं घरात पळतात, निकेश. तू गच्चीवर पळालास!"

"अगं, अशी वावटळ परत बघायला मिळते का?"

"आपले पत्रे गेले, पाण्याची टाकी गेली, वर हे डोकं!"

"पण व्हिडिओ भारी आलाय. बघा मॅडम, पत्रा कसा गरगर फिरत येतोय."

ऋताने बघितलं. पत्रा थेट अंगावर येत होता आणि मागे ढोलकी वाजत होती.

"गाणं कुठून आलं यात?"

"मीच टाकलं. ही मागून सारखी ओरडत होती ना, 'वाक निकेश, पत्रा आला, वाक!' सगळी मजाच घालवली असती."